पत्रातून तपासलेला पेशंट

मागच्या महिन्यातली गोष्ट. संध्याकाळची ओपीडी संपत आली होती. चाळिशीतले एक गृहस्थ आधी एकटेच आत आले आणि दार लोटून घेतलं. वडील बाहेर बाकावर बसले होते. हातातला लिफाफा माझ्यापुढे ठेवून ते हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, हार्टच्या डॉक्टरांनी तुमच्यासाठी पत्र दिलंय. पण बाबांसमोर वाचू नका. त्यांना आम्ही एवढंच सांगितलंय की पायाला सूज आहे, गोळ्यांनी उतरेल."

पत्र चांगलं होतं. आजकाल असं पत्र क्वचित येतं. दम कधीपासून लागतोय, रात्री किती उशा लागतात, इकोमध्ये हृदयाचं पंपिंग किती (वीस टक्के), कोणती गोळी किती डोसमध्ये सुरू केली, कोणती सोसली नाही म्हणून बंद केली, आणि शेवटी चार ओळी: पुढचा काळ कसा असेल याची मुलाला कल्पना दिली आहे. मुलाला नेमक्या त्या चार ओळी बाबांपासून लपवायच्या होत्या.

मला तेव्हा आठवलं ते 240 वर्षांपूर्वीचं एक पत्र. आजार जवळपास हाच. पत्राचं पुढे जे झालं, तेही जवळपास हेच. वैद्यकाचा इतिहास वाचायचा मला नाद आहे हे माझ्या नेहमीच्या वाचकांना माहीत आहे, तेव्हा आज औषधांबद्दल थोडं कमी आणि पत्रांबद्दल थोडं जास्त बोलू.

पेशंटचं नाव डॉ. सॅम्युअल जॉन्सन. हे 'डॉक्टर' म्हणजे आपल्यातले नव्हेत. त्यांची डॉक्टरेट मानद होती. इंग्रजी भाषेचा मोठा शब्दकोश त्यांनी 1755 साली प्रसिद्ध केला आणि त्यावर इंग्लंडच्या काही पिढ्या पोसल्या गेल्या. लंडनच्या बोल्ट कोर्ट भागात ते राहत. वैद्यकाची त्यांना मनापासून आवड होती, अनेक डॉक्टर मित्र होते, आणि स्वतःच्या शरीराकडे ते एखाद्या चांगल्या हाऊसमनसारखे बघत असत.

त्याचा एक नमुना सांगते. 17 जून 1783 च्या पहाटे त्यांना जाग आली तेव्हा डोकं जड झालं होतं आणि वाचा गेली होती. पक्षाघात. अशा वेळी माणूस काय करेल? जॉन्सननी मनातल्या मनात लॅटिन पद्यात प्रार्थना रचून पाहिली, बुद्धी शाबूत आहे का ते तपासायला. पद्य काही चांगलं जमलं नाही. पण ते चांगलं जमलेलं नाही हे आपल्याला कळतंय, म्हणजे बुद्धी ठीक आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला! मग बोलता येत नाही म्हणून शेजाऱ्यांना चिठ्ठी लिहिली. लिहिताना हात भलतीच अक्षरं काढतोय, हेही त्यांनी टिपून ठेवलं. हेबर्डन आणि ब्रॉकल्सबी हे दोन नामांकित डॉक्टर आले, आणि काही दिवसांत वाचा परत आली.

त्यानंतरचा हिवाळा मात्र वाईट गेला. डिसेंबरच्या मध्यापासून दम्यासारखा त्रास सुरू झाला आणि ते घरात अडकले ते तब्बल 129 दिवस. पाय आणि मांड्या पाण्याने सुजल्या. रात्री झोप नाही. 11 फेब्रुवारी 1784 रोजी त्यांनी एडिनबराला राहणाऱ्या आपल्या मित्राला, जेम्स बॉझवेलला, पत्र लिहिलं. बॉझवेल वकील होता आणि जॉन्सनचं चरित्र लिहिण्यासाठी त्यांचा शब्द न् शब्द टिपून ठेवणारा माणूस. पत्रात जॉन्सननी आजाराचं वर्णन केलं, मरणाची फार भीती वाटते हे सरळ कबूल केलं, आणि एक विनंती केली: तुमच्याकडच्या डॉक्टरांना माझ्या केसबद्दल विचारून पाहा.

आता प्रश्न पडेल की लंडनमधल्या माणसाने, ज्याच्या दारात शहरातले दोन उत्तम डॉक्टर येतात, त्याने एडिनबराला का विचारावं? कारण तेव्हा वैद्यक शिकायचं तर एडिनबराला, अशी ख्याती होती. आणि पत्राने सल्ला मागणं यात कोणाला काही वावगं वाटत नसे. हे तेव्हाचं रोजचं काम होतं.

बॉझवेलने चौकशी सुरू केली. गिलेस्पी नावाच्या डॉक्टरांकडून आधी एक लेखी सल्ला आला. तो वाचून जॉन्सन खूश झाले आणि 2 मार्चच्या उत्तरात त्यांनी त्या सल्ल्यासाठी एक लॅटिन शब्दप्रयोग वापरला: 'कन्सिलियम मेडिकम'. शब्दकोशकाराने शब्द नेमका निवडला होता. तेराव्या शतकात इटलीतल्या बोलोन्याच्या ताद्देओ आल्देरोत्ती यांच्या काळापासून डॉक्टरमंडळी एकेका पेशंटबद्दल असे लेखी सल्ले देत आली होती. पेशंट कोण, तक्रार काय, कारण काय असावं, खाणंपिणं कसं ठेवावं, औषध कोणतं, असा त्यांचा साचा असे. चांगले सल्ले नकलून ठेवले जात आणि विद्यार्थी त्यावर शिकत. पादुआचे मोर्गान्यी, ज्यांना आम्ही पॅथॉलॉजीचे जनक म्हणतो, त्यांचा 1761 सालचा महाग्रंथसुद्धा 70 पत्रांच्या रूपातच लिहिलेला आहे, आणि दूरदूरच्या डॉक्टरांना ते पत्राने सल्लाही देत असत.

तर 7 मार्च 1784 रोजी बॉझवेलने एडिनबराच्या तीन प्राध्यापकांना एकच मजकूर धाडला. विल्यम कलन, जॉन होप आणि अलेक्झांडर मन्रो. हे पत्र आज छापील उपलब्ध आहे आणि ते मी आमच्या इंटर्न मुलांना वाचून दाखवते. लिहिणारा वकील आहे, डॉक्टर नाही, तरी बघा त्यात काय काय आलंय.

वय 74. गेल्या उन्हाळ्यात पक्षाघाताचा झटका, त्यातून जवळजवळ पूर्ण बरे झाले. त्याही आधीपासून कफाचा खोकला. या हिवाळ्यात दम्याचा झटका, सुमारे तीन महिने घरातच. जरा गार हवा लागली की छाती आवळते, आडवं पडता येत नाही, रात्र बसून काढावी लागते, आणि झोप लागलीच तर ती अफूच्या औषधांनी. पायांवर आणि मांड्यांवर सूज. उपचार करणारे डॉक्टर ब्रॉकल्सबी उबदार हवेवर भिस्त ठेवून आहेत. पेशंटला स्वतःला काय वाटतं, तर गरम प्रदेशात जावं. आत्ता थोडं बरं आहे आणि समुद्रकांद्याचा व्हिनेगरमधला अर्क चालू आहे.

माझ्या पिढीच्या कोणत्याही डॉक्टरला हे वाचून एकच गोष्ट सुचेल. आडवं पडलं की दम लागणं, बसून रात्र काढणं, दोन्ही पायांवर सूज येणं म्हणजे हृदय पंपाचं काम पुरेसं करू शकत नाहीये. हार्ट फेल्युअर. हृदय बंद पडलं असा त्याचा अर्थ नाही, ते थकलंय. रक्त पुढे ढकललं जात नाही, मग पाणी मागे साचतं: फुप्फुसांत साचलं की दम, पायांत साचलं की सूज. दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं पडल्यावर वर सरकतं, म्हणून उशा वाढवाव्या लागतात. तुमच्या घरात कोणी दोन उशांवरून तीन उशांवर गेलं असेल, तर ते 'वयामुळे' म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरला सांगा.

1784 मध्ये हा आजार हृदयाचा आहे असं कोणी म्हणत नव्हतं. तेव्हा 'दमा' हा एक आजार आणि 'अंगात पाणी भरणं' हा दुसरा. पण वर्णन इतकं प्रामाणिक आहे की आज मी त्यावरून निदानाच्या जवळ पोचू शकते. मला या पत्राचं मोल वाटतं ते यासाठी. लिहिणाऱ्याला अर्थ माहीत नव्हता, तरी त्याने जे दिसलं ते लिहिलं.

तुम्ही म्हणाल, पेशंटला हात न लावता सल्ला म्हणजे अंधारात तीर. आजच्या मापाने खरं आहे. पण तेव्हा पलंगाशेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरच्या हातात तरी काय होतं? स्टेथोस्कोप लायनेकने शोधला तो 1816 मध्ये. छातीवर बोटांनी वाजवून आतलं ओळखायची युक्ती आउएनब्रुगर यांनी 1761 मध्ये छापली होती, पण तिच्याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही. बीपी मोजायचा पट्टा आला 1896 मध्ये. म्हणजे डॉक्टर नाडी बघायचा, जीभ बघायचा, लघवीचा रंग बघायचा आणि मुख्यतः ऐकायचा. आजाराची कहाणी हीच तपासणी होती. कहाणी पाकिटात घालून पाठवता येते. त्यामुळे दूरच्या डॉक्टरचं नुकसान आपल्याला वाटतं तेवढं होत नव्हतं.

आणि पाकिटं किती जात-येत असतील याचा अंदाज कलन यांच्या कागदपत्रांवरून येतो. बॉझवेलने ज्या तिघांना लिहिलं त्यातले सगळ्यात प्रसिद्ध हेच. त्यांचा पत्रव्यवहार एडिनबराच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सकडे जपलेला आहे: पाच हजारांहून जास्त पत्रं. काही पेशंटनी स्वतः लिहिलेली, काही आईवडिलांनी, नवऱ्याने, मित्रांनी आणि पुष्कळशी गावोगावच्या डॉक्टरांनी, ज्यांतले कित्येक कलन यांचेच जुने विद्यार्थी. 'सर, असा असा पेशंट आहे, मी हे हे दिलं, गुण नाही, पुढे काय करू?' असा एकूण सूर. त्या जुन्या इंग्रजीतही तो मला ओळखीचा वाटतो. एमडी झाल्यावर पहिली काही वर्षं मी माझ्या सरांना असेच फोन करत असे.

कलन उत्तरं सविस्तर लिहीत. औषध असेच, पण त्याहून जास्त जागा जायची ती दिनचर्येला: काय खा, काय खाऊ नका, किती चाला, घोड्यावरून रपेट करा, अंगात गरम कपडे घाला. आणि ते स्वतःच्या प्रत्येक उत्तराची नक्कल ठेवत. सुरुवातीला हे काम लेखनिक करत. 1780 मध्ये जेम्स वॉटने, हो, तोच वाफेच्या इंजिनवाला, पत्रांची नक्कल काढायचं यंत्र काढलं. खास शाईने लिहिलेल्या पत्रावर ओलसर पातळ कागद ठेवून दाबायचा. शाई त्यावर उलटी उतरते, पण कागद इतका पातळ की मागच्या बाजूने सुलटी वाचता येते. 1781 पासून कलन हे यंत्र वापरू लागले. आपण कोणाला काय सांगितलं हे डॉक्टरला पुढच्या पत्राच्या वेळी आठवायला हवं ना! आमच्या दवाखान्यातला केसपेपर त्याच घराण्यातला.

(जाता जाता: याच कलन यांचं औषधांवरचं पुस्तक 1790 मध्ये जर्मन भाषेत आणताना हानेमान यांना सिंकोनाबद्दलचं त्यांचं स्पष्टीकरण पटलं नाही, आणि त्यांनी सिंकोनाची साल स्वतः घेऊन पाहिली. होमिओपॅथीची सुरुवात तिथून सांगितली जाते. असो, तो विषय वेगळा आणि त्यावर माझ्याशी भांडायला बरेच वाचक तयार असतात.)

पत्राने सल्ला देण्यातली एक मोठी अडचण मात्र कोणत्याही यंत्राने सुटणारी नव्हती. पत्र वाटेत असताना आजार थांबून राहत नाही. जॉन्सननी 11 फेब्रुवारीला लिहिलं तेव्हा ते अगदी खचले होते. पण त्याच महिन्यात पुढे त्यांना अचानक भरपूर लघवी होऊन पाणी उतरलं. बॉझवेलने नोंदवलेला आकडा आहे 20 पिंट, म्हणजे नऊ लिटरच्या वर. आकडा ऐकून माझ्या भुवया वर जातात, पण सूज झपाट्याने उतरली हे नक्की. जॉन्सननी ती ईश्वराची कृपा मानली. म्हणजे बॉझवेल 7 मार्चला ज्या पेशंटबद्दल तिघा प्राध्यापकांना विचारत होता, तो पेशंट आता तसा राहिलाच नव्हता. आणि गंमत बघा, 'थोडं बरं आहे' एवढं त्याने लिहिलं, पण ही लघवीची गोष्ट पत्रात नाही. डॉक्टरच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची बातमी तीच होती. नातेवाईक कितीही हुशार असला तरी हे असं होतं, त्याला दोष नाही. आजही "झोप लागत नाही, भूक नाही, पाय दुखतात" असं दहा मिनिटं सांगून झाल्यावर, उठता उठता दारापाशी कोणीतरी म्हणतं, "आणि हो, परवा संडासातून काळं पडलं होतं."

औषधाचंही तसंच. समुद्रकांद्याची पूड जॉन्सनच्या पोटाला सोसेना, म्हणून अर्क सुरू केला, हे त्यांनी 2 मार्चला लंडनहून कळवलं. 7 मार्चच्या पत्रात अर्काचाच उल्लेख आहे. पाच दिवसांत बातमी पोचली, त्या काळाच्या मानाने टपाल जलदच म्हणायचं. हा समुद्रकांदा म्हणजे भूमध्य समुद्राकाठचा एक कंद. त्यात हृदयाची ताकद वाढवणारे घटक असतात. त्याचा एक भाऊबंद आपल्याकडे कोकणात आणि सह्याद्रीत उगवतो, त्याला रानकांदा म्हणतात. हे वाचून कोणी रानात कांदा शोधायला जाऊ नका. औषधी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं आहे. त्याच जातीचं काम करणारं डिजिटॅलिस विल्यम विदरिंग यांनी 1785 मध्ये पुस्तक लिहून जगापुढे मांडलं. जॉन्सन गेले त्याच्या पुढच्याच वर्षी.

आता उत्तरांकडे येऊ. तिघांनीही अगत्याने लक्ष घातलं. होप यांनी कळवलं की तुमच्या मित्राचा माझ्यावर हक्कच आहे, अमक्या-तमक्या शब्दाबद्दल त्यांचं मत विचारल्याशिवाय माझा दिवस जात नाही. म्हणजे त्यांचा शब्दकोश उघडल्याशिवाय! होप यांनी पुढचा पत्रव्यवहार थेट ब्रॉकल्सबींशी केला, डॉक्टर ते डॉक्टर. मला विचाराल तर हीच खरी रीत. ब्रॉकल्सबी पेशंटजवळ होते, त्यांना रोजची अवस्था दिसत होती, सल्ला त्यांच्या हातात पडायला हवा. भारतात 25 मार्च 2020 रोजी, कोविडची टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांतही हेच आहे: एका डॉक्टरने दुसऱ्याचं मत घेतलं तरी उपचाराची जबाबदारी पेशंटवर उपचार करणाऱ्याचीच राहते.

कलन आणि मन्रो यांनी मात्र आपलं मत आणि औषधयोजना बॉझवेलकडे पाठवली. बॉझवेल ती घेऊन मे महिन्याच्या सुरुवातीला लंडनला आला. आणि त्यातला धीर देणारा जेवढा भाग होता, तेवढाच त्याने जॉन्सनना सांगितला. हे त्याने स्वतःच आपल्या पुस्तकात लिहून ठेवलंय, अगदी सहज, आपण काही चुकीचं केलं असं त्याला वाटलेलं दिसत नाही.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. युरोपातल्या नामांकित डॉक्टरांचं मत. ज्याने मागवलं तो माणूस भाषेचा पंडित, वैद्यकाचा जाणकार, मरणाची भीती वाटते हे लिहून कळवण्याइतका धीट. आणि त्याच्या हाती आलं ते कात्री लावून. मित्राने, प्रेमापोटी.

त्याने केलं ते मला समजतच नाही असं मी म्हणणार नाही. माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारात मीही एक रिपोर्ट दोन दिवस पर्समध्ये ठेवला होता. मी एमडी, ते शाळामास्तर. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "रिपोर्ट वाईट असल्याशिवाय तू इतकी गोड बोलत नाहीस." ते दोन दिवस त्यांना एकट्याने काढावे लागले, याची बोच अजून जात नाही.

जॉन्सनना काय कळलं, काय नाही, कोण जाणे. पण त्या उन्हाळ्यानंतर ते स्वतः लेखणी घेऊन बसले. जुलै ते नोव्हेंबर ते लंडनबाहेर, ॲशबोर्न आणि आपल्या जन्मगावी लिचफील्डला होते, आणि तिथून ब्रॉकल्सबींना पत्रामागून पत्र जात होतं. ऑगस्ट महिन्यात तर काही वेळा दोन-तीन दिवसांच्या अंतराने. श्वास कसा आहे, किती चालता आलं, झोप किती, अफू किती घेतली, समुद्रकांद्याने लघवी किती सुटली. मधे दुसरं कोणी नाही. आजारी माणूस स्वतः लिहितोय आणि त्याचा डॉक्टर वाचतोय. आज आम्ही हार्ट फेल्युअरच्या पेशंटला रोज सकाळी वजन करून वहीत लिहायला सांगतो, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करा म्हणतो. ही पत्रं म्हणजे त्या वहीचंच जुनं रूप.

नोव्हेंबरमध्ये ते लंडनला परतले ते खालावलेल्या अवस्थेतच. सूज पुन्हा वाढली. शेवटच्या दिवसांत त्यांनी ब्रॉकल्सबींना सरळ विचारलं, मी बरा होईन का, स्पष्ट सांगा. ब्रॉकल्सबींनी आधी विचारलं की संपूर्ण सत्य, ते कुठेही नेणारं असलं तरी, सोसेल का. जॉन्सन हो म्हणाले. मग ब्रॉकल्सबींनी सांगितलं की चमत्कार झाल्याशिवाय नाही. त्यावर जॉन्सननी ठरवलं की आता औषधं नकोत, अफूसुद्धा नको; जायचं तर डोकं ताळ्यावर ठेवून जायचं. 13 डिसेंबर 1784 रोजी ते गेले. वय 75.

नंतर शवविच्छेदन झालं. छाती उघडल्यावर फुप्फुसं नेहमीसारखी आकसली नाहीत, फुगलेलीच राहिली. हृदय फार मोठं झालेलं होतं. एक मूत्रपिंड जवळजवळ निकामी, पित्ताशयात खडा. मॅथ्यू बेली यांच्या विकृतिशास्त्राच्या चित्रसंग्रहात फुगलेल्या वायुकोशांच्या फुप्फुसाचं एक प्रसिद्ध चित्र आहे, ते जॉन्सन यांच्याच फुप्फुसाचं असं मानलं जातं. 7 मार्चच्या पत्रातला जुना खोकला, दम, बसून काढलेल्या रात्री आणि सूज, सगळ्याचा हिशोब इथे लागतो.

लेख लांबला, पण एक कामाची गोष्ट सांगायची राहिली. रोज माझ्या फोनवर नुसते रिपोर्टचे फोटो येतात. खाली एक ओळ: "मॅडम, काय करू?" कोणाचा रिपोर्ट, वय किती, त्रास काय, काही नाही. क्रिएटिनिन दोन आहे. ते गेल्या वर्षी एक होतं की पाच वर्षं दोनच आहे, यावर सगळं अवलंबून आहे, आणि ते फोटोत नसतं. पुढच्या वेळी बॉझवेलसारखं लिहा. वय, आधीचे आजार, आत्ताचा त्रास कधी आणि कसा सुरू झाला, रात्री काय होतं, कोणती औषधं चालू आहेत, कोणतं सोसलं नाही, उपचार करणारे डॉक्टर काय म्हणतात आणि तुम्हाला स्वतःला काय वाटतं. दहा ओळी पुरतात. लघवी-संडासात काही बदल असेल तर तोही लिहा, बॉझवेल विसरला होता. आणि श्वास लागत असेल, छातीत दुखत असेल, तोंड वाकडं झालं असेल, तर मेसेज लिहीत बसू नका, दवाखाना गाठा. जॉन्सनना चिठ्ठी लिहावी लागली कारण तेव्हा 108 नव्हती.

त्या संध्याकाळी मी मुलाला म्हटलं, "मी होऊन काही सांगणार नाही. पण बाबांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही." तो गप्प बसला, मग उठून वडिलांना घेऊन आला. मी नाडी बघितली, बीपी घेतलं, पायावर अंगठा दाबून खळगा बघितला. सदरा खाली घेत बाबा म्हणाले, "हे पत्र माझ्याबद्दल आहे ना? मग मला वाचून दाखवा. इंग्रजी मला येत नाही, आणि हा अर्धंच सांगतो."

मी मुलाकडे बघितलं. त्याने मान खाली घातली आणि थोड्या वेळाने हलवली. मी पत्र पहिल्या ओळीपासून मराठीत सांगत गेले, शेवटच्या चार ओळींपर्यंत. बाबांनी दोनच प्रश्न विचारले. रात्री बसूनच झोपावं लागेल का कायमचं? आणि वैशाखात नातीचं लग्न आहे, तोवर निभेल का? पहिल्याचं उत्तर सोपं होतं: गोळ्यांनी पाणी उतरलं की आडवं पडता येईल, बहुतेक पंधरा दिवसांतच. दुसऱ्याला मी म्हटलं, मला आशा आहे, पण खात्री देता येत नाही; तारीख पुढे ढकलू नका, जमली तर अलीकडे घ्या.

काल ते दाखवायला आले होते. वजन साडेतीन किलो उतरलंय, दोन उशांवर झोप लागते. लग्न माघात धरलंय. लोणचं मात्र अजून सुटलेलं नाही, आणि त्याबद्दल मी काल त्यांना सगळ्यांसमोर ओरडले.